तक्रार त्यांच्याच शब्दांत

रविवारी संध्याकाळी पाच वाजता घरमालक येणार होता. तिसऱ्या मजल्यावरचं घर सोडत असल्याचं बाबांच्या सहीचं पत्र आणि दाराची जादा किल्ली त्याच्या हाती द्यायची, आणि पुढच्या आठवड्यात बाबांनी सामानासकट दादाकडे, दुसऱ्या गावी, तळमजल्यावर राहायला जायचं, असं ठरलं होतं. ठरवलं दादानं. धाकटीनं, त्याच्या बहिणीनं, मान डोलावली. बाबांना सांगण्यात आलं.

दादाचं काही चुकत होतं असं नाही. चार महिन्यांत बाबा तीनदा पडले होते. पहिल्यांदा दुसऱ्या मजल्याच्या वळणावर. गुडघा खरचटला, एवढंच. दुसऱ्यांदा फाटकाबाहेर, फुटपाथवरून रस्त्यावर उतरताना. तिसऱ्यांदा जिन्याच्या अगदी शेवटच्या टप्प्यावर, आणि त्या वेळी उजवं मनगट मोडलं. तळमजल्यावरच्या बाईंनी दादाला फोन केला तेव्हा त्याची पाचावर धारण बसली. मालवाहू गाड्यांचं वेळापत्रक लावणारा माणूस तो. एक गाडी बंद पडली की दहा मिनिटांत दुसरी रस्त्यावर आणायची, हे त्याचं रोजचं काम. प्रश्न आला की एक घाव दोन तुकडे. वडिलांना जिना झेपत नाही, तर वडिलांना जिना नसलेल्या घरी न्यायचं. यात विचार कसला करायचा?

आणि खरं सांगायचं तर ‘बाबांचा तोल जातो’ हे वाक्य सर्वांत आधी धाकटीच बोलली होती. पहिल्या वेळी पडले तेव्हाच. फोनवर, सहज. दादानं ते वहिनीला सांगितलं, वहिनीनं डॉक्टरांना, डॉक्टरांनी ते कागदावर लिहिलं, आणि कागदावर आल्यावर ते सगळ्यांनाच पटलं.

बाबा तीनदा पडले, पण या वाक्याबद्दल एकदाही काही बोलले नाहीत. चौतीस वर्षं त्यांनी घरोघरचे विजेचे मीटर वाचण्याचं काम केलं होतं. दिवसाला चाळीस-पन्नास इमारती, कुठे लिफ्ट असली तर असली. कुठल्या इमारतीला किती पायऱ्या आहेत हे ते अजून बोटांवर सांगत. तिसऱ्यांदा पडल्यावर दवाखान्यात दादा म्हणाला होता, “बाबा, आयुष्यभर लोकांचे जिने चढलात, आता घरच्या जिन्याशी कशाला भांडताय?” बाबा हसले होते. पण त्या दिवसापासून ते खाली उतरले नव्हते.

धाकटी चष्म्याच्या दुकानात मागच्या खोलीत भिंगं घासायची. शिकली होती पदार्थविज्ञान. प्रकाश कुठून येतो आणि कुठे वळतो हे तिला आवडायचं, आणि त्या आवडीतून पोट भरेल अशी हीच एक जागा तिला सापडली. पंधरा वर्षं झाली होती. दुकानाच्या मालकांना सगळे भिंगकाका म्हणत. नाकावर माशी बसू न देणारा म्हातारा, पण कामाला सोनं. त्यांच्या दुकानात तक्रारींची एक वही होती आणि त्या वहीचा एक नियम होता. डाव्या पानावर गिऱ्हाइकाची तक्रार लिहायची, त्याच्याच शब्दांत, एकही शब्द न बदलता. उजवं पान कारणासाठी. ते कोरं ठेवायचं. गिऱ्हाइकाला निदान तीन गोष्टी विचारून झाल्याशिवाय त्यावर पेन टेकवायचं नाही. कधी होतं, हे तो आपण होऊन सांगतोच. कधी होत नाही, ते आपण विचारायचं.

नवीन असताना धाकटीला हा नियम म्हणजे वेळेचा अपव्यय वाटायचा. एकदा एक शिंपी आला आणि म्हणाला, “बाई, भिंत माझ्याकडे येते.” तिनं डाव्या पानावर लिहिलं, ‘नंबर जास्त झाला आहे.’ भिंगकाकांनी पान टरकन फाडलं. “नंबर जास्त झाला असं तो म्हणाला?”

“नाही, पण त्याचा अर्थ तोच ना?”

“अर्थ मी विचारला नाही. तो काय म्हणाला ते लिही. भिंत येते. कुठली भिंत येते? उजवीकडची की डावीकडची? बसल्यावर येते की उभं राहिल्यावर?”

उजवीकडची यायची, फक्त मशीनवर बसल्यावर. शिंपी डोकं एका बाजूला कलवून शिवायचा आणि चष्मा नाकावर तिरका व्हायचा. नंबर अगदी बरोबर होता. तेव्हापासून तिनं कानाला खडा लावला होता.

शुक्रवारी ती भिंगकाकांकडे सोमवारची रजा मागायला गेली. सामान बांधायचं होतं.

“का सोडतायत घर?” काकांनी घासलेलं भिंग उजेडासमोर धरत विचारलं.

“बाबांचा तोल जातो. तीनदा पडले.”

“तोल जातो.” काकांनी भिंग फिरवलं. “हे ते म्हणाले?”

घासणीच्या चाकावरून पाणी ठिबकत होतं. काकांनी भिंग खाली ठेवलं नाही, तिच्याकडे पाहिलंही नाही. “घे रजा,” एवढंच म्हणाले.

त्या दुपारी तिला कळलं. पंधरा वर्षं ती परक्या माणसांची तक्रार अक्षरन्‌अक्षर उतरवून घेत आली होती. बाबांच्या बाबतीत डावं पान कुणी उघडलंच नव्हतं. आणि उजवं भरलं होतं तिनंच.

शनिवारी सकाळी दुकानातली तपासणीची जड काळी फ्रेम, तिच्यात बसणारी सुटी भिंगं आणि एक कोरी वही घेऊन ती बाबांकडे गेली. अर्धी भांडी खोक्यात गेली होती. बाबा खिडकीशी खुर्चीत बसले होते, प्लास्टरमधला हात मांडीवर, जणू तो दुसऱ्या कुणाचा आहे आणि थोडा वेळ सांभाळायला दिलाय.

“आलीस? चहाचं भांडं परवाच बांधून गेली हं तुझी वहिनी. पाणी हवं तर ओंजळ धरावी लागेल नळाखाली.”

“चहा नको. बाबा, पडता तेव्हा काय होतं?”

“पडतो.”

“नीट सांगा ना.”

“अगं, पडण्यात नीट काय असतं? वर असतो तो खाली येतो. न्यूटन शिकलीस ना तू?”

ती हसली नाही. वही उघडून मांडीवर घेऊन बसली. बाबांनी वहीकडे पाहिलं, मग तिच्याकडे, आणि त्यांच्या चेहऱ्यावरची थट्टा हळूहळू उतरली.

“तोल जातो का?” तिनं विचारलं.

“तोल नाही जात.” त्यांनी स्वतःच्या पावलांकडे पाहिलं. “पायरी जाते.”

“म्हणजे?”

“म्हणजे ती असते. दिसते. मी पाय ठेवतो आणि तिथे ती नसते.”

तिनं ते जसंच्या तसं लिहिलं. “चढताना?”

“चढताना कधीच नाही. चढताना पायरी नाकासमोर असते.”

“न पडण्याचे दिवस कुठले?”

“हा काय प्रश्न झाला?” पण ते विचार करू लागले. मीटरचे आकडे पाठ असणारा माणूस; दिवसांचा हिशेब त्यांना अवघड नव्हता. दुसऱ्यांदा पडल्यावर चष्म्याची दांडी वाकली होती आणि ती दुरुस्त करायला दुकानात होती. “ते चार दिवस मी रोज दोनदा खाली गेलो. वर्तमानपत्र, दूध. धडाधड उतरलो. सगळं जरा धूसर होतं, पण पायरी जागेवर होती.”

तिनं त्यांच्या नाकावरच्या चष्म्याकडे पाहिलं. पाच महिन्यांपूर्वी पंच्याहत्तरी झाली तेव्हा तिनं तो त्यांना दिला होता. प्रोग्रेसिव्ह भिंगं, वरच्या भागातून लांबचं दिसावं, खालच्या भागातून हातातलं पुस्तक, मध्ये कुठेही रेघ नाही. दुकानातली सर्वांत चांगली भिंगं, तिनं स्वतः कडा घासून, स्वतः बसवलेली. देताना प्रत्येक गिऱ्हाइकाला सांगते तेच बाबांनाही सांगितलं होतं. जिना उतरताना नुसते डोळे खाली करायचे नाहीत, मान वाकवायची, म्हणजे पायरी भिंगाच्या वरच्या भागातून दिसते. बाबांनी मान डोलावली होती.

“बाबा, मान वाकवा बरं.”

त्यांनी वाकवली. हनुवटी दोन बोटं खाली आली आणि थांबली. पुढे जाईना.

“एवढीच?”

“दहा वर्षं झाली एवढीच वाकते. मीटर सगळे छताजवळ बसवलेले. चौतीस वर्षं वर बघून बघून मानेनं तीच सवय लावून घेतली.” ते जरा ओशाळून म्हणाले, “तू वाकवायला सांगितलंस, मी वाकते तेवढी वाकवली.”

तिला हे ठाऊक होतं. मानेला गरम पाण्याची पिशवी लावून बसलेले बाबा तिनं शंभरदा पाहिले होते. पण ते घरात पाहिलं होतं, आणि चष्मा दुकानात बनला होता; दोन्ही गोष्टी एकाच डोक्यात असून एकमेकींना भेटल्या नव्हत्या. मान न वाकवता खाली पाहणारा माणूस पायरी पाहत होता ती वाचनाच्या भागातून. तो भाग हातभर अंतरासाठी घडवलेला. त्यातून दीड मीटर खालची कड धूसर होणार, आणि असते त्यापेक्षा जरा वेगळ्याच जागी दिसणार.

तरीही तिनं उजव्या पानावर काही लिहिलं नाही. एकदा लिहून चुकली होती.

तिनं एक जाड शब्दकोश जमिनीवर ठेवला, बाबांना त्याच्यापासून एका पावलावर उभं केलं आणि डाव्या हातात छत्री दिली. “छत्रीचं टोक पुस्तकाच्या जवळच्या कडेला लावायचं. झटकन. विचार न करता.” मग तपासणीच्या फ्रेममध्ये फक्त लांबच्या नंबराची भिंगं घातली. वीस चिठ्ठ्या केल्या, दहांवर एक चष्मा, दहांवर दुसरा, आणि घडी करून वाटीत टाकल्या. जी निघेल तो चष्मा घालायचा. प्रत्येक वेळी पुस्तक थोडं हलवायचं.

“हे घालू?” बाबांनी ती काळी गोल फ्रेम नाकावर चढवली. “घुबडाची मुंज आहे की काय?”

“बोलू नका. टोक लावा.”

वीस वेळा झालं. तिनं दिलेल्या चष्म्यातून सहा वेळा टोक चुकलं. कधी चार बोटं पलीकडे, कधी अलीकडे. काळ्या फ्रेममधून एकदा चुकलं, तेही बाबा मध्येच शिंकले म्हणून.

बाबा छत्रीवर भार देऊन उभे होते. त्यांनाही कळलं होतं.

“मला का नाही सांगितलंत?” ती म्हणाली.

“तू म्हणाली होतीस, सवय व्हायला दोन आठवडे लागतात. म्हटलं, होईल.” त्यांनी फ्रेम काढून तिच्या हातात दिली. “दोन आठवडे झाले आणि मी पडलो. मग चष्म्याचं कुणी विचारलंच नाही. सगळे पायांचंच विचारायला लागले. आणि तुझ्या हातचा होता तो. त्याला नावं कशी ठेवू?”

ती खोक्यांच्या मध्ये जमिनीवर बसली. मनगट मोडलं होतं ते तिनं भेट दिलेल्या चष्म्यानं. हे तिनं स्वतःला पूर्ण वाक्यात सांगितलं, कारण अर्धवट सांगितलं असतं तर पळवाट राहिली असती. मग वही ओढली, उजव्या पानावर कारण लिहिलं, खाली स्वतःचं नाव लिहिलं, आणि दुकानात जाऊन दुपारभर बसून बाबांसाठी फक्त लांबच्या नंबराचा साधा चष्मा तयार केला. चालताना हा, वाचताना दुसरा. भिंगकाका एकदा दारात येऊन पाहून गेले.

रविवारी दुपारी दादा आला तो खिशात पत्र घेऊनच. तिनं त्याला सगळं सांगितलं, वही दाखवली. त्यानं उभ्याउभ्याच वाचलं आणि त्याच्या कपाळावर आठी पडली.

“म्हणजे चष्म्यामुळे पडत होते.”

“माझ्या चष्म्यामुळे.”

“तुझ्या काय न्‌ माझ्या काय. पंधरा वर्षं तू रोज लोकांचे डोळे बघतेस आणि…” तो थांबला. रागाला वाट मिळत नव्हती. “बरं. समजा हेच कारण. आणि उद्या आणखी काही झालं तर? घरमालकानं दुसरं बिऱ्हाड ठरवून ठेवलंय. आज नाही म्हटलं आणि महिन्याभरानं पुन्हा हाच फोन आला तर मी काय करू? तू इथून अर्ध्या तासावर आहेस. मी पाच तासांवर आहे.”

“मला माहीत नाही,” ती म्हणाली. “या तीन वेळांचं कारण मला माहीत आहे. पुढचं नाही.”

“हे उत्तर झालं?”

“जेवढं कळलंय तेवढंच उत्तर आहे, दादा.”

बाबा आतून आले. नवा चष्मा डोळ्यांवर, पायांत चपला. “भांडण संपलं असेल तर मी खाली जाऊन येतो,” ते म्हणाले, आणि दोघांच्या मधून दाराबाहेर पडले.

धाकटी मागोमाग गेली. दादाही. जिन्याच्या तोंडाशी बाबा थांबले. डावा हात कठड्यावर. पायऱ्या खाली स्वच्छ उजेडात होत्या, प्रत्येकीची झिजलेली कड वेगळी दिसावी इतक्या.

“दिसतेय?” तिनं हळूच विचारलं.

“अगदी. खडूनं आखल्यासारखी.”

पण पाय उचलला गेला नाही. एक मिनिट गेलं, दोन गेली. त्यांच्या कपाळावर घाम आला. डावा हात कठड्यावर इतका घट्ट आवळला की बोटं पांढरी पडली. मग ते मागे सरकले आणि सगळ्यांत वरच्या पायरीवर बसून राहिले.

“दिसतेय गं,” ते म्हणाले. “पाय विश्वास ठेवत नाही.”

दादानं तिच्याकडे पाहिलं. त्या नजरेत ‘बघ, मी सांगत होतो’ असायला हवं होतं, नव्हतं. चौतीस वर्षं दुसऱ्यांचे जिने पायाखाली घालणारा माणूस स्वतःच्या दाराबाहेर बसला होता, आणि हे भिंगानं झालेलं नव्हतं. हे चार महिने तिघाचौघांनी मिळून, प्रेमानं, रोज थोडं थोडं केलेलं होतं. तोल जातो, बाबा. जपून, बाबा. खाली जाऊ नका, बाबा. चष्मा एका दुपारीत बदलता आला होता.

तिच्या तोंडावर आलं होतं, ‘मी हात धरते, चला.’ तिनं ते गिळलं. त्यांच्या शेजारी बसली.

“पायाला काय वाटतं?”

“वाटतं, खाली काहीच नाही.”

“कुठल्या पायरीपर्यंत असं वाटत नाही?”

बाबांनी खाली नीट पाहिलं. “हीच बघ, पहिली. ही आहे. हिच्यावर मी बसल्याबसल्याच पाय ठेवलाय.”

“मग आज एवढीच.”

“एवढीच? घरमालक येईल आता.”

दादा त्यांच्या मागे उभा होता. त्यानं घड्याळात पाहिलं, आणि मग खिशातलं पत्र काढून उघडलं. काही वेळ ते नुसतं हातात धरलं. धाकटीला वाटलं, आता हा म्हणेल, पुरे झालं. तेवढ्यासाठीच तर तो पाच तास गाडी चालवत आला होता. पण तो खाली वाकला. “बाबा,” त्यानं विचारलं, आणि त्याचा आवाज त्याला न शोभण्याइतका हळू होता, “तुम्हाला काय करायचंय?”

बाबांनी मान वळवायचा प्रयत्न केला. वळली तेवढी वळली. “हे आधी विचारायचं होतंस, मोठ्या.”

“हो. आता विचारतोय.”

“इथे राहायचंय. भीती वाटतेय, ती वाटू दे. पण भीती वाटते म्हणून नको नेऊस मला. झेपेनासं झालं की मीच फोन करेन. लपवणार नाही. एकदा लपवलं, तेवढं बस.”

खाली फाटक वाजलं. घरमालक जाडा माणूस. त्याच्या धापा पहिल्या मजल्यापासून वर येऊ लागल्या. दादा सरळ झाला, बाबांना ओलांडून उतरू लागला. दुसऱ्या मजल्याच्या वळणावर दोघं भेटले. वरून त्यांची डोकी तेवढी दिसत होती.

“पत्र आणलंय ना साहेब? त्या लोकांना मी उद्या यायला सांगितलंय.”

“त्यांना नाही म्हणून सांगा. बाबा घर सोडत नाहीत.”

“अहो, असं ऐनवेळी? मी शब्द दिलाय त्यांना. आणि वडिलांना जिना झेपत नाही म्हणून तुम्हीच तर…”

“मी म्हणालो होतो. चुकून म्हणालो. तुमची अडचण झाली, त्याची माफी मागतो. त्या लोकांशी बोलायचं असेल तर मी स्वतः बोलतो, नंबर द्या.”

घरमालक आणखी काहीतरी म्हणत राहिला, चिडून, बराच वेळ. दादा उलट बोलला नाही, घाईही केली नाही. धाकटी ऐकत होती, आणि तिचं लक्ष शेजारी नव्हतं. म्हणून कठडा करकरला तेव्हाच तिनं वळून पाहिलं.

बाबा उभे राहिले होते. पहिल्या पायरीवर. कठड्याला धरून, श्वास रोखून, ते दुसऱ्या पायरीकडे बघत होते, आणि त्यांचा उजवा पाय हवेत होता.

तिनं हात मांडीखाली दाबून धरले.

पाय खाली गेला. पायरी जागेवर होती.